डावा दोनदा, उजवा रोज

तुळशीदास वायरमनचा उजवा दंड पावणेचौदा इंच भरायचा आणि हा आकडा निम्म्या लोणीला तोंडपाठ होता. कारण तो स्वतःच सांगायचा. खांबावरून उतरला की घोटभर पाणी प्यायचा, बाही वर सरकवायचा, हात कोपरात दुमडून बेटकुळी काढायचा आणि समोर जो कोणी असेल त्याला म्हणायचा, "बघा दाबून." समोरचा बिचारा मोटार कधी चालू होतेय याची वाट बघत उभा असायचा. तो दाबून बघायचा, "दगड हाय राव नुसता!" म्हणायचा आणि मोटारीकडे पळायचा.

तुळशीदास मूळचा येडगावचा. वीज बोर्डात वायरमन म्हणून चिकटला आणि बदली होऊन लोणीला आला त्याला आता, म्हणजे सत्याण्णव साली, नऊ वर्षं झाली होती. घरात बायको रत्ना आणि तिसरीतली मुलगी ज्योत्स्ना. रत्ना पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसायची. गावातल्या बायकांची झंपरं, पोरांच्या चड्ड्या, म्हाताऱ्यांच्या बंड्या, सगळं तिच्याकडे. तिच्या हाताला सफाई होती आणि जिभेला धार होती. दोन्हींची लोणीला सवय झाली होती.

तुळशीदासची हौस एकच, व्यायामशाळा. लहानपणी तो इतका वाळका होता की येडगावात त्याला सगळे 'काडी' म्हणायचे. तो राग त्यानं लोखंडावर काढला. लोणीत आल्याआल्या त्यानं ग्रामपंचायतीकडून गोदामाची एक पडीक खोली मागून घेतली, तिला चुना मारला आणि जमेल तसं सामान जमवलं. मंचरहून दोन जोड्या बिडाच्या प्लेटा आणल्या. ट्रॅक्टरच्या भंगारातला एक सरळ रॉड मिळाला. पत्र्याच्या डब्यांत सिमेंट ओतून मधे पाइप रोवले, झाले डंबेल. संध्याकाळी पंधरा-वीस पोरं यायची. बौद्धवाड्यातली यायची, धनगरवस्तीवरची यायची, वरच्या आळीतलीही यायची. समोरच्या भिंतीवर तुळशीदासनं निळ्या ऑइलपेंटनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'दंडाला सुट्टी नाही.'

आणि तो ते पाळायचा. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी मांड्या, असं बाकीचं वार लावून. पण दंड मात्र रोज. पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात कणकण असो, संध्याकाळी सहाला तुळशीदास डंबेलसमोर उभा. मोठ्या अंगाला विश्रांती लागते, हे त्यालाही मान्य होतं. पण दंड, मनगटं, पोटऱ्या हे बारके स्नायू. त्यांना काय विश्रांती? थोडंसं खाणारं जनावर चार वेळा खातं, तसं बारक्या स्नायूला रोज काम पाहिजे, असं त्याचं गणित होतं आणि पोरांना ते पटायचं.

जून संपता संपता बोर्डाचं खाकी कापड आलं. दर वर्षी यायचं. रत्नानं त्याला खुर्चीसमोर उभा केला, टेप काढली, छाती मोजली, गळा मोजला, दंडाला टेप गुंडाळली आणि मापाची वही उघडली. मग थांबली. दोन पानं मागं गेली. आणखी दोन पानं मागं गेली.

"काय झालं?" तुळशीदास म्हणाला.

"काय न्हाई. पावणेचौदा."

"हायेच मुळी."

"मागच्या वरसाला पन पावणेचौदा व्हता."

"बरं."

"त्याच्या मागच्या वरसाला पन पावणेचौदाच. आन् त्याच्या मागच्या." तिनं वही त्याच्यापुढे धरली. "डावा साडेतेरा. त्यो बी चार वर्सं साडेतेराच. कंबर तेवढी दीड इंच वाढली."

तुळशीदासनं वही घेतली, उजेडात नेली, परत आणली. "टेप सैल झालीय तुझी," तो म्हणाला. "रबरागत ताणती ती."

"मग कंबर कशी वाढली तिच्यात?"

तुळशीदासनं सदरा चढवला आणि बाहेर पडला. चालता चालता त्यानं हिशेब केला. चार वर्षं, रोज चार फेऱ्या, एका फेरीला दहा वेळा. इतक्या वेळा हात दुमडून दंड जागचा हलला नव्हता. एखाद्या खांबावर चार वर्षं इमानानं तार ओढावी आणि मग कळावं, की पलीकडच्या टोकाला कुणी जोडलीच नाही, तसं त्याला वाटलं.

चहाच्या टपरीवर हौशीराम मास्तर बसले होते. हे हायस्कुलात पी.टी. शिकवायचे. अंगानं किडकिडीत, पण पन्नाशीला टेकले तरी आडव्या बारला लोंबकळून पंधरा वेळा हनुवटी वर न्यायचे. तुळशीदासचं आणि त्यांचं दंडावरून जुनं भांडण होतं. मास्तरांनी पुण्यात एक शिबिर केलं होतं आणि तिथून ते सांगत आले होते, की बारक्या स्नायूंना आठवड्यातून दोनदा जोर दिला की पुष्कळ झालं.

"मास्तर," तुळशीदास बसता बसता म्हणाला, "एक इचारू का? माझा दंड वाढंना."

मास्तरांनी बशी खाली ठेवली. नऊ वर्षं ते या वाक्याची वाट बघत असावेत, इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. "आरं, सांगून थकलो मी तुला. तू हाताला वाढू देतोस का? काल फाटलेलं शिवून व्हायच्या आत आज परत फाडतोस. वाढणार कवा?"

"पण बारका स्नायू लगेच भरून येतो, तुमीच म्हनला व्हता."

"लगेच म्हंजी मांडीपेक्षा लवकर. दोन दिवस तरी दे त्याला."

तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या जानकूवर तुळशीदासची नजर गेली. जानकू धनगर, तुळशीदासचा दोस्त. पावसाळ्यात त्याची मेंढरं गावातच असायची. तो धोतर वर खोचून चहा पीत होता आणि त्याच्या पोटऱ्या उंबराच्या बुंध्यासारख्या दिसत होत्या.

"ह्या बघा!" तुळशीदासनं जानकूचा पाय उचलूनच दाखवला. जानकूचा चहा हिंदकळला. "पोटरी बारका स्नायू का न्हाई? जानकू रोज मेंढरांमागं धा-बारा मैल चालतो. हाय का त्याला सुट्टी? मग ह्या कशा वाढल्या?"

मास्तर पोटरीकडे बघत राहिले. शिबिरात जानकूसारखा कुणी आला नव्हता.

"पाय सोड की माझा," जानकू म्हणाला. "लोकं काय म्हनत्याल!"

तुळशीदास जिंकून घरी आला आणि रत्नाला सगळं सांगितलं. रत्ना झंपराला हातशिलाई करत होती. तिनं मान वर न करता ऐकलं.

"जानकूभाऊ रोज चालत्यात खरं," ती म्हणाली, "पर खांद्यावर मेंढरू घिऊन पळत न्हाईत. पाय थरथरेस्तवर कवा चालत्यात का ते? तुमी रोज हात थरथरेस्तवर उचलता. शिवाय पाठीच्या दिवशी बारला लोंबकळता तवा दंडच वढतो ना? खांबावर चढता तवा कोन वढतं? का तवा दंड घरी ठिवून जाता?"

तुळशीदास बघतच राहिला. ही बाई नऊ वर्षांत एकदाही व्यायामशाळेत आली नव्हती.

"मग काय करायचं म्हनतीस?"

रत्नानं दात लावून दोरा तोडला. "दोन हात हायेत ना? एकाला रोज द्या. एकाला आठवड्यातनं दोनदा. बारा आठवडे. मी दर रविवारी सकाळी मापीन."

"मग उजव्याला दोनदा देतो," तुळशीदास घाईनं म्हणाला. उजवा त्याचा लाडका होता, आणि मनातून त्याला मास्तरांचं थोडंसं पटलंही होतं.

"न्हाई. उजवा मुळातच थोरला. त्यो वाढला तर तुमी म्हनाल, त्यो वाढनारच व्हता. रोजचं काम उजव्याला. डाव्याला दोनदा. डावा धाकटा असून म्होरं गेला, तर कुनाला बोलायला जागा न्हाई. आन् आकडा मी शेवटालाच सांगनार. न्हाईतर तुमी मधीच चोरी कराल."

मास्तरांना हे ऐकवलं तेव्हा त्यांनी टाळीच वाजवली. पैज ठरली. डावा पुढं गेला तर तुळशीदासनं भिंतीवरचं वाक्य पुसून मास्तरांचं लिहायचं, नाहीतर मास्तरांनी त्याच वाक्यावर रंगाचा नवा हात फिरवायचा.

जुलैच्या पहिल्या सोमवारी काम सुरू झालं. मंगळवारची संध्याकाळ तुळशीदासला जन्मभर लक्षात राहील. उजव्या हातानं चार फेऱ्या मारून झाल्या आणि डावा हात तसाच लोंबकळत राहिला. त्याला अपराध्यासारखं वाटू लागलं. दोन लेकरं जेवायला बसवावीत आणि एकाच्याच ताटात वाढावं, तसं. बुधवारीही तेच. गुरुवारी डाव्याची पाळी आली, तेव्हा त्यानं डंबेल असं उचललं की पोरं दचकली. दहा वेळा हात दुमडायचा तिथं बारा वेळा दुमडला.

"डावा लई ताजा हाय आज," कुणीतरी म्हणालं.

"उपाशी हाय, म्हनून," तुळशीदास म्हणाला. पण दुसऱ्या आठवड्यात त्यानं डाव्याला वजन वाढवलं, आणि तिसऱ्यात परत वाढवलं. उजव्याचं डंबेल मात्र तेच राहिलं.

बातमी गावभर झाली. टपरीवर लोक "वायरमन, जय भीम" म्हणायच्या आधी "डावा कसा हाय?" विचारू लागले. जानकू तर रस्त्यात अडवून दोन्ही दंड दाबून बघायचा आणि मेंढ्याचा गळा चाचपतात तशी मान हलवायचा, पण मत द्यायचा नाही. एकदा रत्नानं तुळशीदासला रंगेहाथ पकडलं. शुक्रवार होता, डाव्याच्या सुट्टीचा दिवस, आणि हा पठ्ठ्या न्हाणीघराच्या दारात पाण्यानं भरलेली बादली डाव्या हातानं वर-खाली करत होता.

"पानी तापलंय का बघत व्हतो," तो म्हणाला.

"कोपर वाकवून?"

त्यानं बादली ठेवली. ज्योत्स्ना दारातून बघत होती. तिनं ती गोष्ट दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितली आणि मधल्या सुट्टीच्या आत ती हौशीराम मास्तरांपर्यंत पोचली.

उजव्या हाताबद्दल मात्र तुळशीदास कुणाशी बोलला नाही. सहाव्या आठवड्यात कोपराच्या आतल्या बाजूला एक बारीक कळ यायला लागली. आधी डंबेल खाली आणताना, मग वर नेताना, मग मशेरीची डबी उघडतानासुद्धा. त्यानं मनाशी ठरवलं, की पावसाची हवा आहे, होईल कमी. तशी कळ त्याला नवी नव्हती. मागच्या चारही वर्षांत ती यायची-जायची. पण तेव्हा दोन्ही हात सारखेच दुखायचे, त्यामुळे दुखणं हा व्यायामाचाच भाग आहे असं त्याला वाटायचं. आता एक हात दुखत होता आणि दुसरा खुशाल होता. फरक रोज समोर दिसत होता आणि त्याला तो बघायचा नव्हता.

नवव्या आठवड्यात धनगरवस्तीवरची लाईट गेली. खांबावरचा जोड जळाला होता. तुळशीदासनं मागून पुरवठा बंद करून घेतला, वर चढला, पट्टा अडकवला आणि पक्कड काढून तारेला पीळ द्यायला लागला. खाली जानकूची बायको सुंदरा कोकरू काखोटीला मारून उभी होती आणि वर बघत होती.

दुसऱ्या पिळाला कोपरातून अशी सणक निघाली, की बोटं आपोआप उघडली. पक्कड सुटली. सुंदरापासून हातभर अंतरावर, कांद्याच्या रोपांत, ती टपकन रुतली.

तुळशीदास वरूनच ओरडला, "वैनी! लागलं का?"

सुंदरानं पक्कडीकडे बघितलं, मग वर. "न्हाई लागलं! पर वायरमन, कांद्यात पक्कड पेरली का काय? मला वाटतं उगवायची न्हाई ही!"

ती हसत होती, पण तुळशीदासला हसू आलं नाही. तो खाली उतरला, पक्कड पुसली, परत चढला आणि बाकीचा सगळा जोड डाव्या हातानं पिळला. डाव्यानं ते काम विनातक्रार केलं. लाईट आली. वस्तीवरच्या टी.व्ही.चा आवाज सुरू झाला. सुंदरानं चहा दिला, तो त्यानं डाव्या हातानं प्यायला. त्या दिवशी त्यानं कुणालाही दंड दाबून बघायला सांगितलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर रत्नाचं लक्ष गेलं. "भाकरी डाव्या हातानं का मोडताय?"

त्यानं सांगून टाकलं. कोपर, पक्कड, सुंदरा, सगळं. सांगताना त्याला वाटत होतं की आता ही बोलणार. पण रत्ना बोलली नाही. ताट बाजूला सरकवून उठली, त्याचं कोपर हातात घेतलं आणि अंगठ्यानं हळूच दाबलं. त्यानं ओठ चावला.

"बंद करा उद्यापासनं," ती म्हणाली. "हातावर घर हाय आपलं. वरनं पक्कड पडली, उद्या मानूस पडायचा."

"आजून तीन आठवडे हायेत. बारा म्हंजी बारा. मधीच सोडलं तर कळनार कसं?"

"कळलंय की समद्यास्नी," रत्ना म्हणाली. "वहीत लिवलेलं मला म्हाईत हाय. जानकूभाऊंना हात लावून कळलंय. त्या डाव्याला कळलंय. एक तुमीच ऱ्हायलाय."

तुळशीदासला एकदम हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. ज्योत्स्नालाही काही न कळता हसू आलं. "नऊ वर्सं पोरांना सांगतोय मी," तो म्हणाला, "दंडाला सुट्टी न्हाई! च्यामारी!"

सकाळी कामावर जायच्या आधी तो मास्तरांच्या दारात उभा होता. "मास्तर, हरलो."

मास्तर दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण. "असं न्हाई चालायचं. मापायचं. समद्यांच्या देखत."

रविवारी सकाळी व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं खिडकीतही बसली होती. जानकू आला, सुंदरा आली, चहावाला टपरी बंद करून आला. रत्ना वही आणि टेप घेऊन आली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती त्या खोलीत शिरली आणि आल्याआल्या म्हणाली, "झाडत न्हाई का हितं कोन?"

तुळशीदासनं सदरा काढला. डोक्यात आलेलं त्यानं आधीच बोलून टाकलं, माप व्हायच्या आधी. पक्कड कशी सुटली ते सांगितलं, कोपर किती दिवस दुखतंय आणि ते आपण कसं लपवलं तेही सांगितलं. "माझं ऐकून तुमच्यातल्या कुनाकुनाचं कोपर दुखतंय?" त्यानं विचारलं. एक हात वर झाला. मग तीन. मग सात. तुळशीदासनं ते हात मोजले आणि त्याचं तोंड उतरलं. "मला सांगायचं न्हाई का रे?"

"तुमीच म्हनायचा, दुखलं म्हंजी वाढतंय," सार्थक म्हणाला. धनगरवस्तीवरचा हा गडी तिथला सगळ्यात दांडगा होता.

रत्नानं घसा खाकरला. उजव्या दंडाला टेप गुंडाळली. "साडेतेरा आन् वर एक सूत." म्हणजे उजवा सूतभर, इंचाच्या आठव्या भागानं, उतरला होता. मग डावा. तिनं टेप लावली, काढली, परत लावली. कुणी म्हणायला नको, म्हणून मास्तरांना बोलावून आकडा दाखवला.

"चौदा," मास्तर म्हणाले. जिंकूनही त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "तुळशीदास, चौदा भरला रे."

जो आरडाओरडा झाला, तो पार वेशीपर्यंत गेला असेल. पोरांनी तुळशीदासला डाव्या बाजूनं उचललं, मग चूक लक्षात येऊन दोन्ही बाजूंनी उचललं. हरल्याबद्दल इतकी मिरवणूक लोणीत कुणाची निघाली नसेल. तुळशीदासला स्वतःलाच कळेना, की आपल्याला वाईट वाटायला हवं, ते का वाटत नाहीये. चार वर्षं अडलेलं माप हललं होतं. हात तर आपलाच होता.

भिंत त्याच दुपारी पुसली. नवं काय लिहायचं यावर पुन्हा भांडण झालं. मास्तर म्हणाले, दोनदा. जानकू म्हणाला, पोटरीला दोनदानं काय होतंय, तिला आणखी पाहिजे. तुळशीदास म्हणाला, ज्याचं कोपर दुखेल त्यानं आधी पूर्ण थांबायचं, हेही लिहा. शेवटी रत्नानं ब्रश घेतला, कारण अक्षर तिचंच चांगलं होतं: 'दंड, मनगट, पोटरी: आठवड्यातून दोन वेळा, फार तर तीन. मधे एक दिवस मोकळा. दुखलं तर सांगायचं.' शेवटचं वाक्य तिनं कुणाला न विचारता घातलं आणि ते सगळ्यात ठळक काढलं.

उजव्या हाताला तीन आठवडे सक्तीची रजा मिळाली. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे तुळशीदासनं नंतर हलक्या वजनापासून सुरुवात केली. पोटऱ्यांचं पोरांनी आपापलं ठरवलं. कुणी दोनदा, कुणी तीनदा. सगळे आता वहीत माप लिहू लागले आणि रविवारी सकाळी रत्नाकडे रांग लागू लागली. "शिलाईचं कापड आना, मग मापीन," ती म्हणायची, पण मापायची.

सगळ्यात मोठी अडचण झाली ती संध्याकाळची. आता तुळशीदास चारच दिवस व्यायामशाळेत जायचा. उरलेल्या तीन संध्याकाळी काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तो घरात येरझाऱ्या घालत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं ज्योत्स्नाला पाढे विचारले, पण सतराच्या पाढ्यात तोच अडकला आणि तिनं त्याला सोडवलं. तिसऱ्या दिवसापासून तो पुढच्या खोलीत, मशीनसमोरच्या पोत्यावर बसू लागला.

ऑक्टोबर उजाडला. दसऱ्याची, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची पांढरी कापडं उरकत नाहीत तोवर दिवाळीची आली. खोलीत कापडांचा ढीग छातीइतका झाला. रत्ना सकाळी बसायची ती दिवेलागण झाली तरी उठायची नाही. आणि एका संध्याकाळी, मोठी कात्री चालवता चालवता, तिनं ती खाली ठेवली आणि उजवं मनगट डाव्या हातानं चोळलं. फारसं काही नाही, दोन-चार वेळा. परत कात्री उचलली. तुळशीदासनं ही हालचाल पूर्वीही शेकडो वेळा बघितली असणार. पण आता त्याला ती दिसली.

"किती दिवस दुखतंय?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मनगट."

"हे व्हय? ते असतंच. दिवाळीच्या टायमाला जरा जास्ती."

"म्हंजी किती वर्सं?"

रत्नानं विचार केला. "मशीन घेतल्यापासनं," ती म्हणाली, आणि स्वतःच बोललेलं ऐकून जरा चपापली.

तुळशीदास उठला. त्यानं तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "मनगट बारका स्नायू का न्हाई?"

"आवं, चेष्टा करू नका. सोळा झंपरं बेतायची हायेत."

"तू खडूनं रेघा मार. मी कापतो. कात्री एक दिसाआड तुझ्याकडं, एक दिसाआड माझ्याकडं."

"तुमी कापनार? कुशाबाईचं झंपर हाय ते! ती घर डोक्यावर घील!"

"तारा कापतो मी, त्याला कापड काय?"

पहिलं झंपर त्यानं रेघेच्या बोटभर आत कापलं. रत्नानं कपाळाला हात लावला आणि ते ज्योत्स्नासाठी करायला घेतलं. कुशाबाईला पदरचं कापड द्यावं लागलं. दुसऱ्यांदा तो रेघेवरून गेला, पण जीभ बाहेर काढून आणि इतक्या हळू, की तेवढ्यात रत्नाची दोन काजं करून झाली. पाचव्या झंपरापर्यंत कात्री सरळ चालायला लागली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात खांबावरून उतरून आलेला वायरमन बटणं लावतोय, हे बघायला बायका मुद्दाम कापड घेऊन येऊ लागल्या. जानकूनं तर खिडकीतून डोकं घालून विचारलं, "वायरमन, माझी बंडी कवा व्हईल?"

"गुरुवारी ये," तुळशीदास सुईत दोरा ओवत म्हणाला. "आज माझ्या बोटांना सुट्टी हाय."

"खोटं सांगत्यात," आतून रत्ना म्हणाली. तिचे दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात होते. तुळशीदासनंच ते तापवून तिच्यापुढे ठेवलं होतं. "या जानकूभाऊ, आत बसा. चहा टाकत्यात ते."

तुळशीदासनं सुई उशीला टोचली आणि चहा टाकायला उठला.